मानसशास्त्राचे शब्द डोक्यात राहत नाहीत, घरच्या भाषेत कोणी सांगेल का?

नंदगडची_माई

नमस्कार सगळ्यांना. मी मूळची नंदगडची, आता बेळगावात अनगोळला असते. शाळा सगळी मराठीतून झाली, मग लग्न, पोरगा, घर, आणि आता सोळा वर्षांनी परत बी.ए.ला नाव घातलंय, बाहेरून. मानसशास्त्र मी हट्टानं घेतलं. सासूबाईंना विसरण्याचा आजार लागलाय आणि डॉक्टर बोलतात त्यातलं निम्मं डोक्यावरून जात होतं, म्हणून घेतलं.

अडचण अशी की पुस्तक इंग्लिश, एका मुलीनं दिलेल्या नोट्स कन्नड, आणि विचार येतो मराठीत. कन्नड मला बोलता येतं, दुकानात बसमध्ये सगळं चालतं, पण अभ्यासाचं कन्नड जड जातं. परवाच्या टेस्टला मी लिहिलं की निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षा, त्याचे सगळे मार्क गेले आणि का गेले ते कुणी सांगितलं नाही. निगेटिव्ह म्हणजे वाईटच ना? रात्री पाठ करते, सकाळी भाकरी थापेपर्यंत पुसून गेलेलं असतं. क्लासिकल, ऑपरंट, सेन्सेशन-परसेप्शन, स्ट्रूप, मेमरी, एवढं तरी कोणीतरी समजेल असं सांगा. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

येळ्ळूरचे_सर

ताई, पहिल्यांदा प्रतिशब्द पाठ करायचं थांबवा. 'अभिजात अभिसंधान' पाठ केलं म्हणून क्लासिकल कंडिशनिंग कळत नाही, एक न कळणारा शब्द जाऊन तिथं दुसरा न कळणारा येतो, एवढंच होतं. मी डी.एड.च्या पोरांना हा विषय बरीच वर्षं शिकवला, त्यावरून सांगतो. आधी आपल्या घरात घडलेली एक गोष्ट धरायची, ती नीट बघायची, आणि मग तिच्यावर शब्द चिकटवायचे.

आमच्याकडं म्हैस होती. रेडकू सडाला लागलं की म्हैस पान्हा सोडते, हे तिला कुणी शिकवत नाही, अंगातच असतं. आई रोज पहाटे पितळेची चरवी घेऊन गोठ्यात जायची, दारातच चरवीची कडी वाजायची, मग ती रेडकू सोडायची. असं रोज. थोड्या दिवसांनी काय व्हायला लागलं, तर नुसती कडी वाजली की म्हैस पान्हवायची, रेडकू अजून दाव्यालाच असायचं आणि सडातून थेंब खाली पडताना मी स्वतः बघितलेत.

आता शब्द लावा. स्टिम्युलस म्हणजे जे घडवून आणतं ते, रिस्पॉन्स म्हणजे त्यानं जे होतं ते, अनकंडिशन्ड म्हणजे न शिकवता येणारं आणि कंडिशन्ड म्हणजे सवयीनं आलेलं. रेडकाचं तोंड सडाला लागणं हा अनकंडिशन्ड स्टिम्युलस, त्यानं येणारा पान्हा हा अनकंडिशन्ड रिस्पॉन्स. कडीचा आवाज सुरुवातीला न्यूट्रल, म्हशीला त्याचं काही देणंघेणं नाही. दोन्ही रोज जोडीनं आले म्हणून तोच आवाज कंडिशन्ड स्टिम्युलस झाला, आणि त्या आवाजाला आलेला पान्हा कंडिशन्ड रिस्पॉन्स. पान्हा दोन्हीकडं पान्हाच आहे, कशामुळं आला त्यावर त्याचं नाव बदलतं. परीक्षेत पोरं हमखास इथंच चुकतात.

आम्ही भावंडं खेळात कडी वाजवत बसायचो तेव्हा आई ओरडायची, जनावराला फसवू नका, उद्या दूध चोरेल. आवाज येतोय पण पुढं रेडकू येत नाही असं सारखं झालं की जोडी सुटत जाते. तेच एक्स्टिंक्शन, मराठीत विलोपन.

पावलोव्हच्या कुत्र्यांचं हेच आहे. ते मुळात शरीरक्रियाशास्त्राचे माणूस, पचनक्रियेवरच्या कामाला त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं. लाळ मोजता मोजता त्यांना दिसलं की खाणं तोंडात पडायच्या आधीच, माणसाची चाहूल लागली तरी कुत्र्याला लाळ सुटते. आणि सगळीकडं घंटा घंटा म्हणतात पण त्यांनी मेट्रोनोमची, म्हणजे ठेका धरणाऱ्या यंत्राची, टकटक पण वापरलेली आहे, आणखी पण खुणा वापरल्या, तेव्हा उत्तरात नुसती घंटा लिहून थांबू नका.

शहापूरचा_पोरगा

सर म्हशीचं उदाहरण एकदम फिट बसलं. अक्का, मी एम.ए. करूलोय याच विषयात, निगेटिव्हचं मी सांगतो. मी पण पहिल्या वर्षाला हीच चूक केलो होतो.

पॉझिटिव्ह निगेटिव्ह हे चांगलं वाईट नव्हं, अधिक आणि वजा हाय. काहीतरी दिलं तर पॉझिटिव्ह, काहीतरी काढून घेतलं तर निगेटिव्ह. आणि रीइन्फोर्समेंट म्हणजे वागणं वाढतं, पनिशमेंट म्हणजे वागणं कमी होतं. म्हणजे प्रत्येक उदाहरणाला दोनच प्रश्न विचारायचे, काय दिलं की काढलं, आणि वागणं वाढलं की घटलं. गाडीत बेल्ट लावला नाही की ते टूं टूं सुरू होतंय, बेल्ट लावला की थांबतंय, म्हणून आपण बेल्ट लावतोय. आवाज गेला, म्हणजे वजा. बेल्ट लावणं वाढलं, म्हणजे रीइन्फोर्समेंट. झालं की निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट, यात शिक्षा कुठाय?

आता एक उदाहरण बघा ज्यात दोन्ही हाईत. पोरगं मोबाईलसाठी रडूलंय, आई वैतागून मोबाईल देती, पोरगं गप्प. पोराच्या बाजूनं बघितलं तर रडल्यावर मोबाईल मिळाला, म्हणजे रडण्याला पॉझिटिव्ह रीइन्फोर्समेंट. आईच्या बाजूनं बघितलं तर मोबाईल दिल्यावर कानातली कटकट गेली, म्हणजे आईच्या मोबाईल देण्याला निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. दोघं एकमेकाला शिकवूलेत आणि दोघांनाही माहीत नाही. हे स्किनरचं ऑपरंट, मराठीत साधक अभिसंधान. क्लासिकलमध्ये म्हैस काही करत नाही, तिच्याकडून होतं. ऑपरंटमध्ये आधी स्वतः काहीतरी करावं लागतंय आणि मग त्याचा परिणाम मिळतोय.

नंदगडची_माई

अरे देवा, हे तर आमचंच घर आहे. पोरगा चौथीत आहे, जेवताना मोबाईल लागतोच. मी रोज देत नाही, कधीतरी देते, पाहुणे असले किंवा सासूबाईंची तब्येत बिघडली की, एरवी नाही म्हणते.

कॅम्पातली_सिस्टर

ताई, मी नर्स आहे, लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. ते 'कधीतरी देते' फार महत्त्वाचं आहे. रोज देऊन एकदम बंद केलं तर मूल त्यातल्या त्यात लवकर सोडतं. पण दहा वेळा नाही आणि अकराव्या वेळी हो म्हटलं की मूल शिकतं की रडत राहायचं, कधी ना कधी मिळतंच. याला पार्शियल रीइन्फोर्समेंट म्हणतात आणि अशी सवय मोडायला जास्त वेळ लागतो. आई चुकते म्हणून सांगत नाही हं, थकलेल्या बाईकडून हे होतंच. पण बंद करायचं असेल तर घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा, आजोबांनी मागच्या दारानं द्यायचा नाही. आणि दुसऱ्या तिसऱ्या दिवशी मुलगा आधीपेक्षा जास्त रडेल, तेव्हा घाबरू नका. त्याला पण नाव आहे, एक्स्टिंक्शन बर्स्ट. नेमकं त्याच दिवशी लोक हार मानतात आणि मग रडण्याची पातळी आणखी वर जाऊन बसते.

निपाणीकर

सेन्सेशन परसेप्शन मी सांगतो. माझं घर तंबाखूच्या वखारीला लागून आहे. पुण्याची वहिनी आली की उंबऱ्यातच शिंकायला लागते, डोळ्यातून पाणी, आणि आम्हाला वास येतच नाही, खरंच येत नाही. वहिनीला पण दुसऱ्या दिवशी तेवढा येत नाही. वास आहे तेवढाच आहे पण नाकाची यंत्रणा सारखी सारखी तीच खबर पाठवत नाही, याला सेन्सरी ॲडॅप्टेशन म्हणतात. मी चार दिवस गावाला जाऊन आलो की बस स्टँडवर उतरल्या उतरल्या मला पण येतो.

हे झालं सेन्सेशनकडचं, म्हणजे नाक कान डोळे बाहेरून काय उचलतात ते. त्याचा अर्थ मेंदू लावतो ते परसेप्शन. आपल्या भागातलं एकदम सोपं उदाहरण, बाजूच्या घरातून आवाज आला 'तंगी'. कानावर पडलेला आवाज सगळ्यांना एकच. पण घरात कन्नड बोलणाऱ्याला ऐकू येते धाकटी बहीण, आणि वहिनीला वाटतं यांच्याकडं पैशाची अडचण आहे. मला दोन्ही भाषा येतात तर मला पुढचा मागचा शब्द ऐकून कळतं कुठली तंगी ते, आणि ते इतकं पटकन होतं की मी ठरवलं असं वाटतच नाही. आधीची माहिती आणि संदर्भ वापरून अर्थ लावणं, पुस्तकात याला टॉप डाउन प्रोसेसिंग म्हणतात.

मराठी शब्दांचं मात्र जपून. सेन्सेशनला कुठं वेदन, कुठं संवेदन, आणि काही पुस्तकांत संवेदन म्हणजे परसेप्शन. तुमच्या नोट्समध्ये कुठला शब्द कशाला वापरलाय ते पहिल्या पानावर लिहून ठेवा. एकूणच हा विषय सगळा बाहेरून आलेला, म्हणून शब्दांची ही ओढाताण.

येळ्ळूरचे_सर

निपाणीकर, तंगीचं उदाहरण मी वर्गात वापरायला हवं होतं, इतकी वर्षं सुचलं नाही. पण सगळं बाहेरचं म्हणू नका. जर्मनीत लाइपझिगला वुंटची मानसशास्त्राची प्रयोगशाळा १८७९ ची हे खरं, पण आपल्या म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग १९२४ साली निघाला, शंभर वर्षं झाली की. तो उभा करणारे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी लंडनला शिकून आले होते. त्यांनीच १९३५ मध्ये म्हैसूरला स्वतःच्या घरातून रेडिओ केंद्र चालवलं आणि त्याचं नाव होतं आकाशवाणी. तेच नाव पुढं सगळ्या देशाच्या रेडिओला मिळालं. मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचं हे काम आहे, पोरांना सांगत जा.

शहापूरचा_पोरगा

हे मला माहीतच नव्हतं सर.

अक्का, स्ट्रूप वाचून कळणार नाही, करून बघा. पोराचे स्केच पेन घ्या. कागदावर रंगांची नावं लिहा पण शाई दुसरी वापरा, 'लाल' हा शब्द हिरव्या शाईनं, 'निळा' पिवळ्या शाईनं, अशी वीसेक. मग वाचायचं नाही, फक्त शाईचा रंग भराभरा सांगायचा. दुसऱ्या कागदावर तेच कन्नडमध्ये लिहा, केंपु, हसिरु, नीलि, हळदि. घरातल्या सगळ्यांना करायला लावा आणि घड्याळ लावा. काय होतंय ते इथं सांगा, मग बोलू.

नंदगडची_माई

केलं. काल संध्याकाळी पडवीत बसून केलं, सविस्तर लिहिते.

पोरगा कन्नड शाळेत जातो, घरी मराठी. त्याला आधी रंगीत ठिपक्यांचे रंग विचारले, ते भराभर सांगितले. मग कन्नड कागद दिला तर तिसऱ्याच शब्दाला अडकला. हिरव्या शाईत 'केंपु' लिहिलेलं, ओठ 'के' म्हणायला उघडले आणि मग थांबून म्हणाला हिरवा. बोट ठेवून ठेवून गेला तरी चार चुका. मराठी कागदावर कमी अडखळला, त्याचं मराठी वाचन कच्चं आहे ना. माझं उलटं, मराठीत जीभ अडकली, कन्नडमध्ये थोडी कमी. आणि शेजारच्या मावशी, त्या मराठी पेपर रोज वाचतात पण कन्नड अक्षर येत नाही, त्यांनी कन्नड कागद इतका झरझर सांगितला की पोरगा बघतच राहिला, आणि मराठी कागदाला मात्र त्या पण अडखळल्या, 'थांब गं, वाचलंच जातंय' म्हणाल्या.

शहापूरचा_पोरगा

मावशी बोलल्या ते तसंच्या तसं उत्तरात लिहा अक्का, 'वाचलंच जातंय'. ज्याला वाचन मुरलंय त्याला न वाचणं जमत नाही, म्हणून ते शाईच्या रंगाच्या आड येतंय. याला ऑटोमॅटिक प्रोसेसिंग म्हणतात. ज्याला ती लिपी येत नाही त्याच्यासाठी ती नुसती नक्षी, मग आड काय येणार? स्ट्रूपनं १९३५ मध्ये हे छापलं, नुसत्या रंगाच्या शंभर चौकोनांना सुमारे ६३ सेकंद लागले आणि उलटसुलट शब्दांच्या शाईला ११०. तुमच्या पडवीत दोन लिप्या होत्या म्हणून जास्तच स्पष्ट दिसलं.

कृष्णाकाठ

मी चिकोडी तालुक्यातला, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. सोशल सायकॉलॉजीचं प्रकरण असेल तर शेरीफचा प्रयोग नक्की करा ताई. १९५४, अमेरिकेत ओक्लाहोमाला, अकरा बारा वर्षांची २२ पोरं, दोन गट, आधी एकमेकांची ओळख पण नाही. स्पर्धा लावल्या आणि थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं, खोल्यांवर धाड, शिव्या. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं तर एकमेकांवर अन्न फेकलं. म्हणजे नुसतं एकत्र आणून काही झालं नाही. पाण्याची सोय बंद पडली, गाडी अडकली, सगळ्यांनी मिळून ओढल्याशिवाय भागणार नाही अशी कामं पुढं आली तेव्हा तेढ कमी झाली. सुपरऑर्डिनेट गोल म्हणजे हे. त्याच्या आदल्या वर्षीचा शेरीफचा प्रयत्न फसला होता, पोरं भांडलीच नाहीत, हे पण लक्षात ठेवा म्हणजे प्रयोगाला देववाक्य मानणार नाही.

मला हे मनापासून पटतं कारण २०१९ च्या ऑगस्टमधला पूर मी बघितलाय. आमच्या गावात दोन मंडळं, मिरवणुकीवरून बोलणं बंद. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा एका मंडळाच्या पोरांनी दुसऱ्या मंडळाच्या अध्यक्षाची म्हैस खांद्यापर्यंत पाण्यातून ओढून काढली. त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात सगळे एका पातेल्यातला भात खात होते, कन्नडवाले मराठीवाले सगळे. पुढच्या गणपतीला परत थोडं सुरू झालं, नाही असं नाही, पण बोलणं बंद झालं नाही.

येळ्ळूरचे_सर

आता मेमरी. ताई म्हणाल्या की रात्री पाठ केलेलं सकाळी पुसलं जातं. जर्मनीच्या एबिंगहाउसनं हेच स्वतःवर करून बघितलं आणि १८८५ मध्ये पुस्तक काढलं. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, काही काळानं परत पाठ करायची, आणि दुसऱ्यांदा किती मेहनत वाचली ते मोजायचं. एका तासानं सुमारे ४४ टक्के वाचली, एका दिवसानं ३४, आणि ३१ दिवसांनी २१. बघा, पहिल्या दिवशी आलेख धाडकन खाली येतो आणि मग सपाट होत जातो. उत्तरात 'एवढे टक्के लक्षात राहिलं' असं लिहू नका, मेहनतीची बचत आहे ती, सेव्हिंग्ज. आणि त्याची अक्षरं निरर्थक होती. अर्थ कळून, घरच्या गोष्टीला बांधून शिकलेलं इतक्या वेगानं जात नाही, म्हणून तर मी पहिल्यांदा म्हैस सांगितली.

दुसरं, वाचत बसू नका, झाकून आठवा. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की परत परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढं असतात, पण आठवड्यानं घेतली तर झाकून आठवणारे पुढं जातात. आमच्या आईला अक्षर येत नव्हतं पण हरिपाठ सगळा पाठ होता. रोज संध्याकाळी, पुस्तक न बघता, अडलं तर शेजारणीनं सांगायचं. यापेक्षा वेगळं ती काही करत नव्हती.

नंदगडची_माई

सर, लिहून घेतलं. आता ज्यासाठी विषय घेतला ते विचारते. सासूबाई मला अर्ध्या अर्ध्या तासानं विचारतात तू कोणाची. सकाळी जेवलेलं आठवत नाही. पण परवा मी पीठ मळून ठेवलं आणि फोन घ्यायला गेले, परत येऊन बघते तर त्या परातीपुढं बसून भाकरी थापत होत्या. गोल, कडा पातळ, माझ्यापेक्षा चांगली. मी घाबरून हातातून पीठ काढून घेतलं, भाजतील म्हणून. त्या रडल्या. ज्या माणसाला घरातलं माणूस ओळखता येत नाही त्याला भाकरी कशी येते?

कॅम्पातली_सिस्टर

ताई, तुमच्या पुस्तकात एच. एम. म्हणून एक पेशंट असेल, ते प्रकरण आधी वाचा. हेन्री मोलायसन, २७ वर्षांचा, फिट्स थांबत नव्हत्या म्हणून १९५३ मध्ये ऑपरेशन करून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा, बराच भाग काढला. त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहिनात, भेटलेला माणूस थोड्या वेळानं परत अनोळखी. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईनं त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सुधारत गेला, चुका कमी झाल्या, आणि दर वेळी तो म्हणायचा मी हे कधी केलं नाही. २००८ मध्ये तो वारला.

यावरून कळलं की स्मृती एकच नसते. काय घडलं, कोण आलं, हे डिक्लेरेटिव्ह. हातानं करायचं कसब, सायकल, विणकाम, भाकरी, हे प्रोसीजरल, आणि त्याच्या जागा मेंदूत वेगळ्या आहेत. अल्झायमर असेल तर हिप्पोकॅम्पसच्या भागाला लवकर मार बसतो, हातातलं कसब बऱ्याच जणांत जास्त दिवस टिकतं. तुमच्या सासूबाईंना नेमकं काय आहे ते डॉक्टरच सांगतील, मी इथून सांगणार नाही. दुसरं मत हवं असेल तर धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि घरातल्यांना बोलायचं असेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सरकारी आहे, फुकट. तुम्ही स्वतःसाठी पण फोन करा, सांभाळणाऱ्यावर पण ताण येतो.

आणि पीठ काढून घेऊ नका. फक्त विस्तवाजवळ एकटं सोडू नका.

नंदगडची_माई

हे वाचून रात्री झोप लागली नाही, चांगल्या अर्थानं म्हणते. दोन महिने मी त्यांच्या हातातून सगळं काढून घेत होते, लसूण सोलणं पण.

आज सकाळी परात पुढं ठेवली आणि बाजूला बसले. आधी पिठाकडं नुसत्या बघत होत्या. मी एक गोळा करून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि हात सुरू झाले, पाणी लावणं, फिरवणं, सगळं. तीन भाकऱ्या झाल्या. तवा मी सांभाळला. तिसरी थापताना मला म्हणाल्या, तुला येत नाही काय गं, शीक.

सर, फॉरगेटिंगचं उत्तर न बघता लिहून उद्या इथं टाकते, चुका काढा.

कॅम्पातली_सिस्टर

टाका. आणि रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून झोपत जा, आठवणीनं.